तीन प्रती आणि पाच सुटी पानं

जुलै, दुसरा सोमवार. सकाळी सात. लातूर, मुलीची भाड्याची खोली, दुसरा मजला.

हजर : मी. माझी मुलगी, बारावीत, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. तिच्या खोलीतली जोडीदारीण, मुरुडची, तोच क्लास.

गैरहजर : मुलीचे वडील. त्यांच्याच जागेवर मी नांदेडला नोकरी करते.

विषय : एकच.

वहीतली ही नोंद आहे तशी उतरवली. खाली लिहिलंय, ‘पेपर पुढच्या सोमवारी, नांदेड. हातात दिवस सहा. काय येत नाही ते आधी शोधणे.’

याद्या करायची खोड मला नोकरीच्या आधीपासूनची. हे गेले तेव्हा दहाव्याच्या सामानाची यादी मीच केली. नणंद म्हणाली होती, “हिला रडायलाबी यादी लागते.” लागते, खरंच लागते. यादी नसली तर मी उभी राहू शकत नाही.

हे सरकारी कार्यालयात शिपाई होते. ते गेल्यावर अनुकंपेवर ती जागा मला मिळाली. मी उमरीला नववीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन नांदेडला आले. नियुक्तीच्या आदेशात शेवटून दुसरी ओळ होती : दोन वर्षांच्या आत दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की तिथला कागद घडीवर फाटला. मग झेरॉक्स काढून ठेवली.

बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसले. बाकीचे विषय पहिल्याच मार्चला निघाले. मराठीत चौऱ्याहत्तर. गणित राहिलं. जुलैला राहिलं. पुढच्या मार्चला परत राहिलं. भूमितीत निदान आकृती दिसते, काहीतरी पदरात पडतं. बीजगणितात मी पांढरी फटक. ही चौथी खेप होती आणि सप्टेंबरात मुदत संपत होती. पाचवी खेप नव्हती.

आमचे बडे बाबू मनानं वाईट नाहीत. माझ्या मुदतीचं स्मरणपत्र त्यांनी दोनदा फाईलमध्ये खाली सरकवलं. पण जिभेला हाड नाही. रजेचा अर्ज दिला तर म्हणाले, “मावशी, काय करून राहिल्या तुम्ही? सहा दिवस लातूरला? लातूरचं पाणी पिऊन गणित येत असतं तर मीच कलेक्टर झालो असतो.”

“साहेब, सही करा.”

“करतो की. पण यंदा पेढेच आणा, न्हाईतर मला तुमचा कागद वर पाठवावा लागंल. मग माझ्या हातात काय न्हाई.”

हसत बोलले, पण शेवटचं वाक्य हसत बोलले नाहीत.

नोकरी गेली तर मुलीचा क्लास, ही खोली, सगळं त्याच दिवशी बंद. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला सांगायची गरजही नव्हती. तीच फोनवर म्हणाली होती, “आई, फोनवर तुला कळंना. तू इकडंच ये.”

तर सोमवार. मुलीनं आठवीचं पुस्तक काढलं. मी म्हटलं, परीक्षा दहावीची आहे. ती म्हणाली, “गप बस. खालून बघू कुठं अडतंय ते.” तिनं पहिलंच लिहून दिलं : 3x = 12.

मी लिहिलं : x = 12 − 3 = 9.

ती माझ्याकडं बघत राहिली. “हे काय केलंस?”

“तीन पलीकडं नेले. पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं.”

“गुणाकार हाय तो, आई.”

“गुणाकाराचं चिन्ह कुठं दिसायलंय?”

मुरुडची खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, “काकूचं बरोबर हाय की. जे दिसतच न्हाई ते बदलावं कसं?”

“तू झोप गं!” मुलगी तिच्यावर ओरडली. मग मला म्हणाली, “बरं, ताळा कर. नऊ आलं ना? वर टाक. तीन नव्वे किती?”

“सत्तावीस.”

“आन् पाहिजे किती?”

“बारा.”

“मग?”

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ऑफिसात कुलूप लावल्यावर मी दोनदा ओढून बघते. टपाल दिलं की पोहोच घेते, पोहोचेवरची तारीख वाचते. पण तिन्ही परीक्षांत मी एकाही गणिताचा ताळा केला नाही. ताळा चुकला तर पुढं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. चुकलंय एवढं कळून हातात काय येणार? त्यापेक्षा उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पान उलटायचं.

आणि ती चिन्हाची गोष्ट माझ्या डोक्यात इतकी घट्ट बसली त्यालाही कारण होतं. उमरीच्या शाळेत सरांनी तेवढं एकच वाक्य घोकून घेतलं होतं. त्यावर पुढं नोकरीनं शिक्का मारला. ऑफिसात कागद आपल्या टेबलावरून गेला की तो इथं जावक आणि पलीकडं आवक. तोच कागद, टेबल ओलांडलं की दुसऱ्या रजिस्टरला. मला वाटलं, गणित म्हणजे हेच. जे म्हणून बरोबरच्या चिन्हापलीकडं जाईल, त्याची नोंद उलटी करायची. अधिक असो, गुणिले असो, मी सगळ्यांना एकच शिक्का मारत होते.

मुलगी क्लासला गेली. जाताना वीस गणितं काढून ठेवली. संध्याकाळी तपासली. चार बरोबर.

मंगळवारी वीस. पाच बरोबर.

बुधवारी सकाळी 3x + 5 = 20 वर तिचा आवाज चढला. “आई, तू ऐकूनच घेईनास. भागायचं, भागायचं! तीन पलीकडं जाऊन खाली बसतो!”

“का बसतो खाली?”

“बसतो म्हणजे बसतो. नियम हाय.”

“मग पाच का नाही बसत?”

ती डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, “कळायलंय मला, कळायलंय. तू जा.” काही कळलं नव्हतं. ती गेल्यावर मी दोघींच्या चादरी धुतल्या, डबे घासले, फळीवरचे मसाले ओळीनं लावले आणि कुठल्या डब्यात काय ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवलं. मला काही सुचेनासं झालं की मी काम काढते. जेवायला आली तेव्हा मुलीनं चिठ्ठ्या वाचल्या.

“तू हळदीवर नाव लिवायला आलीस का गणित करायला?”

“ते येतंय तेवढं तरी करावं म्हटलं.”

तिला हसू आलं नाही. मलाही नाही. त्या दिवशी वहीत मी लिहिलंय, ‘दिवस चार राहिले. येत नाही. येणार नाही असं वाटतं.’ त्यातलं शेवटचं वाक्य मी मागाहून खोडलंय, पण वाचता येतं.

गुरुवारी मुलीनं मला कामाला लावलं. मुरुडचीच्या हातच्या नोट्स होत्या, पिन मारलेल्या. त्यांचे तीन संच काढायचे, आणि शिवाय आकृत्यांची पाच सुटी पानं, त्यांची एकेकच प्रत. लातुरात क्लासच्या रस्त्याला झेरॉक्सची दुकानं एकाला एक लागून आहेत. मी त्यातल्या त्यात कमी गर्दीचं बघून गेले. हे माझं रोजचं काम. ऑफिसात निम्मा दिवस मी त्या मशीनपाशीच असते.

दुकानदारानं गठ्ठा हातावर ठेवला. “पस्तीस पानं झाली, मावशी.”

मूळ नोट्सची पानं मी निघताना मोजली नव्हती. मशीन कधीकधी दोन पानं एकदम ओढतं, हे मला माहीत. तिथंच उभी राहून मी बोलत हिशेब केला : “पाच सुटी, ती बाजूला. राहिली तीस. तीन संच. म्हणजे एकात दहा.” आणि एक संच उलगडून बघितला. दहा. दुसरा. दहा.

दुकानदार म्हणाला, “मावशी, भरोसा न्हाई का आमच्यावर?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले.

तिसातून मी तीन वजा केले नव्हते. कोण करेल? दुकानात उभा असलेला लहान पोरगाही करणार नाही. पाच ही पानं होती. ती उचलून बाजूला ठेवता येत होती. तीन ही पानं नव्हतीच. तीन ही गिनती होती, किती वेळा काढली त्याची. उचलून पलीकडं ठेवावं असं तिच्यात काही नव्हतं. जावक रजिस्टरला आम्ही लिहितो, ‘अर्ज, तीन प्रतीत’. आजवर एकाही बाबूनं तीन हा आकडा वेगळा कागद म्हणून पाठवलेला नाही. आणि मी दोन वर्षं तेच करत होते.

दुकानदाराचा पेन मागून मी झेरॉक्सच्या पाकिटावर लिहिलं : 3x + 5 = 35. खाली x = 10. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता मी ताळा केला. तो मघाशीच बोटांनी झाला होता, आता अक्षरांनी केला.

खोलीवर मी पाकीट मुलीपुढं ठेवलं. तिनं वाचलं, परत वाचलं. “कुणी सांगितलं?”

“झेरॉक्सवाल्यानं.”

मुरुडची खाटेवरून उठून बसली. “आपुन एवढी फी भरून राहिलो क्लासला. त्यापरीस झेरॉक्सवाल्याकडं गेलो असतो.”

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी सपाटा लावला. 3x − 5 = 16? तीन प्रती काढल्या, पाच पानं मशीननं खाल्ली, हातात सोळा आली. खाल्लेली परत मिळव : एकवीस. एका प्रतीत सात. एक्स भागिले तीन बरोबर चार? एक प्रत तिघांत वाटली, एकेकाला चार पानं. प्रत बारा पानांची. 5x − 4 = 2x + 11 ला मी घाबरले. मुलगी म्हणाली, “दोन टेबलं धर. दोन्हीवर पानं सारखीच. दोन्हींवरून दोन दोन प्रती उचल.” उचलल्या. इकडं तीन प्रती, चार पानं कमी. तिकडं अकरा. पंधरा, पाच. ताळा : एकवीस, एकवीस. मी वहीत टिक मारली. त्या आठवड्यातली ती पहिली टिक.

मग मुलीनं लिहिलं : −2x = 10.

मी म्हटलं, “उणे दोन प्रती? माझ्या टेबलावर उणे प्रत कधी आली नाही.”

“आई, इथं प्रती सोड. इथं नियम धर. उत्तर उणे पाच.”

“उणे पाच पानांचा अर्ज म्हणजे काय?”

“काय न्हाई. नुसतं उणे पाच.”

मी ते पाठ केलं, पण हातानं ते धरता येत नव्हतं. यादीत लिहिलं, ‘उणे. पुन्हा विचारणे. शुक्रवार.’

शुक्रवारी दुपारी मुलगी डबा विसरून गेली, तो द्यायला मी क्लासवर गेले. दारापाशी चाचणीची यादी चिकटवलेली होती. कुठलीही यादी वाचल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. मार्चमध्ये आले होते तेव्हा मुलीचं नाव पहिल्या पानावर, खालून चौथं. आता पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर सापडलं. नावापुढं दोन रकाने कोरे होते.

मुरुडची पायऱ्यांवर बसली होती. मी विचारलं, “कोरे म्हणजे?”

“गैरहजर.” तिनं इकडंतिकडं बघितलं. “काकू, मी सांगितलं म्हून सांगू नका तिला. ती तुमची गणितं काढत बसती. सोप्याकडून अवघडाकडं, ओळीनं. लय येळ जातो त्याच्यात. मी म्हणलं, अगं पुस्तकातली दे. तर म्हणते, पुस्तकातली आईला भेडसावतात.”

“दोन्ही चाचण्या बुडवल्या?”

“हाव.”

मी डबा तिच्या हातात दिला. खोलीवर आले आणि पिशवी भरली. शनिवार, रविवार दोन्ही दिवस मी लातूरला राहणार असं ठरलं होतं; दोन चलांची समीकरणं आणि ते उणे तेव्हाच करायचं होतं. मुलगी आली तशी म्हटलं, “ऑफिसातून फोन आला. उद्या जावं लागेल.”

“रजेवर हायेस ना?”

“बडे बाबू. तुला माहीत आहे ते.”

तिनं वही पुढं ओढली. मग दोन चलांची दोन गणितं तिनं भरभर करून दाखवली. एकाला कशानं तरी गुणायचं, दोन्ही मिळवायची, एक अक्षर उडतं, उरतं ते आपलं आठवीचंच. “उणे आलं तर भिऊ नको. आन् ताळा कर. ताळा बसला की मग जगात कुणी तुला चूक म्हणू शकत न्हाई.”

शनिवारच्या एसटीत अहमदपूरपर्यंत मी गणितं करत होते. पुढं रस्ता खराब, अक्षर हलायला लागलं. वही मिटली. उणे पाच पानांचा अर्ज डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत राहिले. येत नव्हता.

सोमवारी पेपर. माझ्या बाकावर नंबर खडूनं लिहिलेला. पुढं मागं सगळी नापास झालेली पोरं. एकानं मला पर्यवेक्षक समजून उठून नमस्कार केला. मी प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचली आणि जे येतं त्यापुढं टिक मारली. ओळीनं सोडवत गेले. प्रत्येकाचा ताळा केला. दोन उत्तरं ताळ्यात चुकली, परत केली, बसली. हे मला आधी कधीच माहीत नव्हतं, की चुकलेला ताळा म्हणजे फक्त परत जायचं असतं.

त्यातच वेळ गेला.

भूमितीत दर खेपेला पडतात ते धरून माझे खात्रीचे बत्तीस होत होते. पस्तिसाला तीन कमी. उरलं ते तीन गुणांचं एकच, दोन चलांचं. x + y = 3. आणि 3x − 2y = 19. पहिल्याला दोननं गुणलं, मिळवलं, वाय उडाला. 5x = 25. पाच प्रती, पंचवीस पानं. एक्स पाच. इथवर जमीन पायाखाली होती. मग वाय. पाच आणि वाय मिळून तीन. वाय उणे दोन.

उणे दोन. मी त्याकडं बघत बसले. हा उणे दोन बरोबर आला म्हणून उणे आहे, की मी पुन्हा एकदा काहीतरी पलीकडं नेऊन शिक्का मारला म्हणून? ताळ्याला एक मिनिट लागलं असतं. मी ‘ताळा’ हा शब्द लिहिला, पुढं दोन टिंबं दिली, आणि घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी पेपर ओढून घेतला.

बाहेर येऊन मुलीला फोन केला.

“कसा गेला?”

“बरा. तीनचं एक दोन चलांचं होतं.”

“उत्तर?”

“आलं.”

“उणे होतं?”

“एक होतं.”

“ताळा केलास?”

“केला,” मी म्हटलं.

“बसला?”

“बसला.”

पलीकडं तिनं श्वास सोडलेला ऐकू आला. “मग झालं, आई. मग झालंच.” आवाज एकदम ती बारकी पोरगी होती तेव्हासारखा. मी म्हटलं, आता माझं डोक्यातून काढ, उद्याची चाचणी दे. ती म्हणाली, देते. दिलीही. गेल्या रविवारच्या यादीत ती दुसऱ्या पानावर आली. मुरुडचीनं फोटो पाठवला.

निकाल अजून लागायचा आहे. बडे बाबू रोज विचारतात आणि रोज मी म्हणते, साहेब, बरा गेला. माझा कागद त्यांनी अजून वर पाठवलेला नाही.

प्रश्नपत्रिका देवघराच्या खणात आहे, चार घड्या घालून. आकडे तिच्यात आहेत, उत्तर मला पाठ आहे. पाच आणि उणे दोन. वर टाकायचं, एकदा इथं, एकदा तिथं. दुसऱ्यात आधीच एक उणे आहे, त्यातून आणखी एक उणे जायचा आहे. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. पूर्वी मी ताळा करत नव्हते कारण चुकलं तर काय करायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे, परत जायचं असतं. पण जायला उत्तरपत्रिकाच हातात नाही.

आजची यादी. दळण : आणलं. ऑफिसची पाण्याची टाकी, फोन : केला. लातूरला डबा पाठवणे : केलं. मुलीच्या फॉर्मच्या दोन प्रती : काढल्या, पानं मोजली.

ताळा करणे.

ही ओळ गेले सोळा दिवस रोज नव्या पानावर उतरवते आहे. आजही उतरवली. पुढची जागा कोरी आहे.